सात ठिकाणं, एक आराखडा: आयपीव्ही६चे पत्ते कसे वाटावेत?

गोदातीर

नमस्कार मंडळी. द्राक्षं पॅक करून निर्यात करणाऱ्या एका कंपनीचं नेटवर्क मी सांभाळतो. मुख्य ऑफिस अंबड एमआयडीसीत, मोठं पॅकहाउस पिंपळगाव बसवंतला, दुसरं दिंडोरीला, कोल्ड स्टोरेज मोहाडीला, खरेदी केंद्र निफाडला, खोक्यांचं गोदाम सिन्नरला आणि विक्रीचं दुकान कॉलेज रोडला. जानेवारी ते एप्रिल हंगाम असतो, तेव्हा पॅकहाउसमधल्या एका वायरीलाही हात लावता येत नाही. जे करायचं ते पावसाळ्यातच.

अडचण अशी की प्रत्येक ठिकाणचं काम वेगवेगळ्या माणसाने केलंय. पिंपळगाव, मोहाडी आणि निफाड, तिन्हीकडे १९२.१६८.१.० हेच नेटवर्क. टनेल (इंटरनेटवरून दोन ठिकाणांना जोडणारे खाजगी दुवे) जोडले, पण पत्ते एकमेकांवर आदळतात म्हणून मधे नॅट (वाटेत पत्ता बदलून पाठवणारी सोय) घातलंय. त्याचा परिणाम सांगतो. प्रीकूलिंगच्या खोल्यांत तापमानाचे लॉगर आहेत, ते अंबडच्या सर्व्हरला अलार्म पाठवतात. रात्री दोन वाजता "खोली ३, तापमान वाढतंय" असा मेसेज येतो आणि ती खोली पिंपळगावची की मोहाडीची, हे कळायला दोन्हीकडे फोन लावावे लागतात. आत लाखोंचा माल असतो.

आता सगळं नव्याने मांडायचंय आणि आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी, मोठी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) सोबत घेऊनच मांडायचंय. आमच्या माणसांचे फोन मोबाइल नेटवर्कवर कधीच आयपीव्ही६वर गेलेत, फक्त आमची ऑफिसं मागे आहेत. एक /४८ (१२८ बिटांच्या पत्त्यातले पहिले ४८ ठरलेले, उरलेले आपले; आकडा जितका मोठा तितका तुकडा लहान) मिळेल असं धरून मी कच्चा आराखडा केलाय: उपकरणं मोजली, अंबडला /५८, पिंपळगावला /५९, दुकानाला /६२ आणि आतल्या लॅनला (एका जागेतल्या छोट्या नेटवर्कला) /१२० (दोनशे छप्पन पत्ते पुरेसे आहेत). सगळे तुकडे एकाला एक लागून, मधे काही वाया नाही. जाणकारांनी तपासून द्यावं.

रात्रपाळी

गोदातीर, खोली ३चं उदाहरण फार बोलकं आहे. आराखडा मात्र पुन्हा मांडा, कारण तो आयपीव्ही४च्या सवयीने केलाय.

तिथे पत्ते मुळात ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११मध्ये मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला. म्हणून आपण सगळे काटकसर शिकलो. आयपीव्ही६मध्ये उपकरणं मोजायचीच नाहीत. मोजायची ती नेटवर्कं. कुठलीही लॅन असो, तिला /६४. दोन उपकरणं असोत की दोन हजार.

/१२० देऊ नका, त्याला ठोस कारण आहे. उपकरण राउटरची जाहिरात ऐकून स्वतःचा पत्ता स्वतः बनवतं, ती पद्धत उरलेले ६४ बिट आपल्याला मिळणार असं धरूनच चालते. /१२० दिलंत की ती बंद पडते. मग तुम्ही म्हणाल डीएचसीपीव्ही६ (सर्व्हरने पत्ते वाटण्याची पद्धत) लावू. पण अँड्रॉइडचे फोन त्यावरून पत्ता घेतच नाहीत. तुमच्या पॅकहाउसमध्ये बारकोड वाचायला अँड्रॉइडची यंत्रं असणारच.

एका /४८मध्ये ६५,५३६ लॅन बसतात. तुमच्याकडे सगळ्या मिळून चाळीसही नसतील.

सिन्नरकर

सहमत. भर एवढीच की तुकडे चार-चार बिटांच्या टप्प्यावरच पाडा: /४८, /५२, /५६, /६०, /६४. मधले /५८, /५९ नकोत. पत्ता हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा अंक) लिहितात, त्यात एक अंक म्हणजे चार बिट, त्यामुळे या टप्प्यांवर तुकडा पाडला की हद्द बरोबर अंकावर पडते आणि पत्ता नुसता बघून ठिकाण कळतं. /५९ची हद्द अंकाच्या पोटात पडते, दर वेळी आकडेमोड करावी लागते. पत्त्यावरून नाव शोधणाऱ्या उलट डीएनएसची रचनाही अंकाअंकानेच आहे, तिथेही हेच सोयीचं.

आणि एकाला एक लागून तुकडे तर अजिबात नको. एमआयडीसीत लेआउट पाडताना पुढच्या रस्त्याची जागा आधी सोडतात ना, नंतर शेड पाडून रस्ता काढत नाहीत. तसं करा.

गोदातीर

रात्रपाळी, सिन्नरकर, दोघांचे आभार. अँड्रॉइडचं मला माहीत नव्हतं. आमची बारकोडची सगळी यंत्रं अँड्रॉइडचीच आहेत.

मग असं करू का? प्रत्येक ठिकाणाला /५२. म्हणजे पत्त्यातल्या चार-चार अंकांच्या गटांपैकी चौथ्या गटाचा पहिला अंक ठिकाणाचा आणि उरलेले तीन अंक व्हीलॅनचे (त्याच तारांवर कामानुसार वेगळ्या केलेल्या नेटवर्कचे). अशी सोळा ठिकाणं बसतात.

ओझरवाली

आधी एक मूळ प्रश्न सोडवा, नाहीतर नंतर वाद होईल. पहिला अंक ठिकाणाचा की कामाचा?

मी जिथे काम करते तिथे आम्ही कामाचा अंक आधी ठेवलाय. १ म्हणजे ऑफिस, २ म्हणजे कॅमेरे, ३ म्हणजे यंत्रं, आणि ठिकाण त्यानंतर. फायदा असा की "कुठलाही कॅमेरा बाहेर इंटरनेटवर जाणार नाही" हा फायरवॉलचा नियम एका ओळीत लिहिता येतो. सगळे कॅमेरे एकाच /५२मध्ये. नवीन ठिकाण उघडलं तरी नियमाला हात लावायचा नाही. सुरक्षा महत्त्वाची असेल तर माझं मत याच बाजूने.

सिन्नरकर

ताई, मुद्दा खरा आहे, पण तुमची ठिकाणं बहुधा एकाच आवारात असावीत. गोदातीर यांची सात ठिकाणं टनेलने जोडलेली आहेत. ठिकाण आधी ठेवलं तर अंबडच्या राउटरवर पिंपळगावसाठी एक रूट (वाटेची नोंद), दिंडोरीसाठी एक, असे बाकीच्या ठिकाणांचे सहा. काम आधी ठेवलं आणि चार प्रकारची कामं असली, तर तेच चोवीस. प्रत्येक टनेलमध्ये चार-चार प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा ठरलेला भाग) मांडायचे. नवीन काम आलं, म्हणजे उद्या विजेच्या मीटरचं वेगळं नेटवर्क केलं, तर सहाही टनेल उघडा.

फायरवॉलसाठी प्रीफिक्सचा गट करता येतो. "कॅमेरे" नावाचा एक गट, त्यात सात ओळी. रूटिंगमध्ये अशी पळवाट नाही.

ओझरवाली

हो, आमचं एकच आवार आहे, तिथे राउटर दोनच. टनेलचा हिशेब मी धरला नव्हता. त्यांच्यासाठी ठिकाण आधी हेच बरोबर. फक्त एक पाळा: कामाचे आकडे सगळीकडे तेच ठेवा. अंबडला कॅमेरे २० आणि दिंडोरीला ३५ असं झालं की गट बनवणाऱ्याचा गोंधळ होणार.

रात्रपाळी

आता /५२ला माझी दुरुस्ती. ठिकाणाला आज /५६ द्या आणि त्याच्याभोवतीची पूर्ण /५२ त्याच ठिकाणाच्या नावावर राखून ठेवा.

म्हणजे चौथ्या गटातला पहिला अंक ठिकाणाचा, दुसरा अंक आज शून्य, शेवटचे दोन अंक व्हीलॅनचे. उदाहरणासाठी राखून ठेवलेला प्रीफिक्स घेऊन लिहितो:

अंबड: २००१:डीबी८:१००:१०००::/५६
पिंपळगाव: २००१:डीबी८:१००:२०००::/५६
दिंडोरी: २००१:डीबी८:१००:३०००::/५६

आत ऑफिस १०, कॅमेरे २०, यंत्रं आणि लॉगर ३०, पाहुणे ४०. पिंपळगावच्या लॉगरची लॅन म्हणजे २००१:डीबी८:१००:२०३०::/६४. उद्या पिंपळगावला शेजारी दुसरं पॅकहाउस झालं तर ते २१००, जुन्याला धक्का नाही, आणि बाहेरच्यांसाठी पिंपळगाव तरीही एकच /५२.

आकडे दिसतात तसेच वापरा. व्हीलॅन ३० असेल तर पत्त्यातही ३०. ते हेक्समधलं ३० आहे, खरी किंमत ४८, पण माणसाला वाचायला सोपं पडतं आणि उपकरणाला फरक पडत नाही.

यात आणखी एक सोय बघा. आयपीव्ही४ही नव्याने मांडताय ना? मग १०.२०.३०.० म्हणजे पिंपळगावचे लॉगर. १०.३०.२०.० म्हणजे दिंडोरीचे कॅमेरे. दोन्ही प्रोटोकॉलमध्ये तेच आकडे. जुन्या लॉगरना आणि वजनकाट्याला आयपीव्ही६ येत नसेल तरी ते याच आराखड्यात बसतात.

लासलगावकर

धागा छान चाललाय. मी लहान बाजार समित्यांसाठी कामं करतो, माझाही हाच प्रश्न होता. एक शंका आहे. ठिकाणाच्या अंकात शून्य का सोडला?

रात्रपाळी

शून्याचा तुकडा नेटवर्कच्या स्वतःच्या कामासाठी. राउटरचे लूपबॅक (त्याचे स्वतःचे, कुठल्याच वायरीचे नसलेले) पत्ते, टनेलच्या दोन टोकांचे पत्ते. हे कुठल्याच एका ठिकाणाचे नसतात म्हणून वेगळे. टनेलसारख्या दोनच टोकांच्या दुव्याला नोंदवहीत पूर्ण /६४ लिहून ठेवा, पण राउटरवर /१२७ लावा. आरएफसी (इंटरनेटच्या प्रमाणांचा दस्तऐवज) ६१६४मध्ये २०११पासून तेच सांगितलंय. तिथे /६४ उघडी ठेवली तर नसलेल्या पत्त्यासाठी आलेलं पॅकेट दोन राउटर एकमेकांकडे ढकलत बसू शकतात.

शून्य यंत्रणेला, १ ते ७ तुमची सात ठिकाणं, ८पासून पुढचे आठ अंक मोकळे.

ओझरवाली

मोकळ्यातला शेवटचा, म्हणजे एफ, तात्पुरत्या ठिकाणांना ठेवा. २०२७च्या सिंहस्थात पंचवटीत किंवा त्र्यंबकला स्टॉल लागेल, हंगामात एखादं शेड भाड्याने घ्याल. ती नेटवर्कं येतात आणि जातात. कायमच्या ठिकाणांच्या अंकात ती मिसळली की दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही की हा पत्ता जिवंत आहे की मेलेला.

निमाणीचौक

उशिरा आलोय, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ही /४८ येणार कुठून?

स्वतःची हवी असेल तर आयआरआयएनएनकडे, म्हणजे निक्सीच्या (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) अखत्यारीतल्या भारतीय नोंदणीकडे अर्ज करावा लागतो. २०१२पासून आपल्याकडे हे काम तिथे होतं. सोबत एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख) घ्यायचा आणि सेवा देणाऱ्या कंपनीने तुमच्याशी बीजीपी (कुठले पत्ते कुठे आहेत हे नेटवर्कांनी एकमेकांना सांगण्याची पद्धत) चालवायला हवं. अंबडला दोन लाइन असतील तर यात अर्थ आहे, एक बंद पडली तरी पत्ते तेच राहतात.

पण खरी मेख पुढे आहे. जगातले राउटर साधारणपणे /४८पेक्षा लहान तुकडा घेत नाहीत. म्हणजे पिंपळगावची /५६ किंवा /५२ पिंपळगावच्या लाइनवरून जगाला सांगता येणार नाही. एकच /४८ असेल तर पिंपळगावचं सगळं इंटरनेट टनेलमधून अंबडला येऊनच बाहेर पडेल. हंगामात अंबडची लाइन पडली की पॅकहाउसही बंद. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) नोंदी करायच्या असतात, कंटेनर दारात उभा असतो. हे चालेल का?

गोदातीर

नाही चालणार. पिंपळगावला स्वतःची लाइन आहे आणि ती तशीच हवी. अंबडवर सगळं अवलंबून ठेवण्यापेक्षा मी आयपीव्ही६ पुढे ढकलेन. निमाणीचौक, तुम्ही वेळेवर बोललात. मग मार्ग काय?

निमाणीचौक

मार्ग आहे, आणि रात्रपाळींचा आराखडा नेमका त्यातच कामी येतो. दोन थर करा.

बाहेरचा थर: प्रत्येक ठिकाणी तिथली कंपनी जो प्रीफिक्स देईल तो, इंटरनेटसाठी. व्यवसायाच्या जोडणीवर /५६ मागून घ्या, करारात लिहून घ्या. नुसती /६४ घेऊ नका, तिच्यात एकच लॅन होते, मग कॅमेरे आणि पाहुणे एकाच ठिकाणी कोंबावे लागतात.

आतला थर: स्वतःचा खाजगी प्रीफिक्स, आरएफसी ४१९३मधला, एफडीने सुरू होणारा. तो टनेलमधून सात ठिकाणी चालतो, बाहेर जात नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत. लॉगर, सर्व्हर, वजनकाटा, प्रिंटर यांच्याशी बोलणं याच पत्त्यांवर.

एफडीनंतरचे ४० बिट यादृच्छिक काढा, साधनं उपलब्ध आहेत. सगळे शून्य ठेवू नका. उद्या दुसऱ्या कंपनीशी जोडणी झाली आणि त्यांनीही शून्यच ठेवले असतील तर तुमचं १९२.१६८.१.० पुन्हा तुमच्यासमोर उभं राहील.

आता गंमत बघा. आतल्या थरात पिंपळगावचे लॉगर :२०३०. बाहेरच्या थरात कंपनीने /५६ दिली तर शेवटचे दोन अंक तुमच्या हातात, म्हणजे तिथेही ३० हा लॉगरचाच. उद्या स्वतःची /४८ घेतलीत तर तिथेही :२०३०. पुढचं काहीही बदललं तरी शेवटचे अंक तेच. तुम्ही आधी म्हणालात तसे व्हीलॅनला तीन अंक ठेवले असते तर कंपनीच्या /५६मध्ये ते मावले नसते.

रात्रपाळी

हे फार नेमकं मांडलंत. मी /५६ सुचवली ती वाढीच्या हिशेबाने, बाहेरच्या /५६शी तिचा असा मेळ बसतो हे माझ्याही लक्षात नव्हतं आलं.

एफडीच्या पत्त्यांबद्दल एक सावधगिरी. आतल्या सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही४ आणि एफडी अशा दोन्ही नोंदी असतील तर बहुतेक संगणक आयपीव्ही४च निवडतात. आरएफसी ६७२४च्या मूळ तक्त्यात एफडीची पसंती आयपीव्ही४च्या खाली आहे. माणसाला वाटतं आयपीव्ही६ चालू आहे, प्रत्यक्षात वाहतूक जुन्याच वाटेने जाते. ज्या सेवेला सगळी उपकरणं आयपीव्ही६वर पोचू शकतात, तिच्या नावाला फक्त आयपीव्ही६ची नोंद ठेवा. जुन्या लॉगरसाठी वेगळं नाव द्या.

लासलगावकर

कंपनीचा प्रीफिक्स बदलला तर? आमच्याकडे लाइट गेली आणि राउटर पुन्हा चालू झाला की नवीनच प्रीफिक्स येतो. मग तासभर अर्धी मशिनं इंटरनेटवर जात नाहीत.

निमाणीचौक

तुमच्या उपकरणांकडे जुना पत्ता शिल्लक राहतो आणि ती तोच वापरत बसतात. राउटरच्या जाहिरातीत प्रत्येक प्रीफिक्ससोबत दोन मुदती असतात, एक पसंतीची आणि एक वैधतेची. मूळ प्रमाणात त्या ७ दिवस आणि ३० दिवस आहेत. लाइट गेल्यावर राउटर जुना प्रीफिक्स विसरतो, उपकरण विसरत नाही.

बाहेरच्या प्रीफिक्सच्या मुदती कमी करा. आरएफसी ९०९६ याच त्रासासाठी आहे, त्यात ४५ मिनिटं आणि ९० मिनिटं सांगितलीत. राउटरला यूपीएस लावाच. आणि कंपनीकडून कायमचा प्रीफिक्स मागा, व्यवसायाच्या जोडणीवर तो मिळायला हवा. आतला एफडीचा थर असला की निदान लॉगर आणि वजनकाटा तरी या भानगडीतून सुटतात, त्यांचा पत्ता लाइट गेल्याने बदलत नाही.

लासलगावकर

उद्याच मुदती बघतो. धन्यवाद.

देवळालीकॅम्प

मी वाचक, तज्ज्ञ नाही. आमच्या साहेबांचा एकच आक्षेप असतो: नॅट नसेल तर प्रत्येक यंत्र जगाला उघडं पडेल. यावर काय सांगायचं?

ओझरवाली

त्यांना सांगा, अडवणारी फायरवॉल असते. आतून सुरू झालेलं संभाषण आत येऊ द्यायचं आणि बाहेरून आपणहून आलेलं काहीही अडवायचं, हा नियम आयपीव्ही६मध्ये जसाच्या तसा लावता येतो आणि प्रत्येक राउटरवर तो लावलाच पाहिजे. नवीन राउटर आला की आधी हे तपासा, कारण काही राउटरवर आयपीव्ही४ची फायरवॉल चालू आणि आयपीव्ही६ची बंद असते.

मात्र घाबरून आयसीएमपी (नेटवर्कचे अडचणी कळवणारे निरोप) सरसकट बंद करू नका. आयपीव्ही६मध्ये मधले राउटर पॅकेटचे तुकडे करत नाहीत, "पॅकेट मोठं आहे" असा निरोप पाठवणाऱ्याला देतात. तो निरोप अडवलात तर लहान पानं उघडतात आणि मोठी फाइल अर्ध्यात अडकते. टनेलमध्ये हे हमखास होतं, कारण तिथे पॅकेटची जागा आधीच कमी झालेली असते. काय सोडायचं आणि काय अडवायचं, याची नीट यादी आरएफसी ४८९०मध्ये आहे.

गोदातीर

सगळ्यांचं वाचून पक्का केलेला आराखडा देतोय.

आतला थर एफडीचा, यादृच्छिक /४८. शून्य यंत्रणेला. १ अंबड, २ पिंपळगाव, ३ दिंडोरी, ४ मोहाडी, ५ निफाड, ६ सिन्नर, ७ कॉलेज रोड. एफ तात्पुरत्या ठिकाणांना. प्रत्येकाला आज /५६, भोवतीची /५२ राखीव. १० ऑफिस, २० कॅमेरे, ३० लॉगर आणि वजनकाटा, ४० पाहुणे. आयपीव्ही४ त्याच आकड्यांवर: मोहाडीचे लॉगर १०.४०.३०.०. बाहेरचा थर त्या त्या कंपनीची /५६. स्वतःची /४८ आत्ता घेत नाही. अंबडला दोन लाइन असल्या तरी बाकी ठिकाणांना तिचा उपयोग नाही.

सुरुवात दिंडोरीपासून करतो. ते लहान पॅकहाउस आहे आणि तिथला १९२.१६८चा तुकडा कुणाशी आदळत नाही, म्हणजे जुनं-नवं शेजारी शेजारी चालवून बघता येईल. मग मोहाडी आणि पिंपळगाव, दोन्ही दिवाळीआधी. अलार्मच्या मेसेजमध्ये पत्त्यावरून ठिकाणाचं नाव घालायचं कामही सोबतच: ४०३० दिसलं की मोहाडी, २०३० दिसलं की पिंपळगाव.

नोंदी सध्या एक्सेलमध्ये आहेत. तेवढं पुरेल का?

सिन्नरकर

सात ठिकाणांना एक्सेल पुरतं, पण ते एकाच माणसाच्या लॅपटॉपवर नको. नेटबॉक्स (पत्त्यांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) मोफत आहे, त्यात राखीव आणि वापरातला असा फरक सरळ नोंदवता येतो. राखीव /५२ आधी भरा, मगच आतल्या /५६. उलट क्रमाने गेलात तर कुणीतरी २१०० मोकळा समजून दुसऱ्याच ठिकाणाला देऊन टाकेल.

आणि दिंडोरीला कॅमेऱ्यांची लॅन सगळ्यात शेवटी हलवा. जुन्या रेकॉर्डरमध्ये कॅमेऱ्यांचे पत्ते हाताने भरलेले असतात, त्याला वेळ लागतो.